तीन गाठींचा दोरा

भिवराबाईला एक खोड होती आणि सासू झाल्यापासून ती तिनं मोठ्या कष्टानं झाकून ठेवली होती. तिला सगळं कळायला हवं असायचं. कुणाच्या चुलीवर काय शिजतंय, तात्याबा धनगराची कोणती मेंढी व्यायला झालीय, सिरसाळ्याच्या बाजारात कुणी कुणाशी बोलणं टाकलंय, हे कानावर पडल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. सून होती तेव्हा ती बिनदिक्कत विचारून घ्यायची. पण सासूनं विचारायचं नसतं. सासूला सगळं आधीच माहीत असावं लागतं. माहीत नसेल तर काय करायचं, हे मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं.

आणि दिवाळीपासून धाकटी सून मुक्ता काहीतरी विणत होती. ते काय आहे, हे काही केल्या भिवराबाईला कळत नव्हतं.

तसं मुक्ताचं विणणं आता घराला नवं नव्हतं. वैशाखात लग्न होऊन ती निजामाच्या मोगलाईत आली, ती इंग्रजी हद्दीतून, नगरहून. बाप टांगा हाकायचा आणि पोर शाळेत जायची, एवढं एकच आक्रीत गावाला महिनाभर पुरलं होतं. श्रावणात तिच्या नवऱ्याची, पंडितची, छत्री वाऱ्यानं उलटी झाली. बाकीच्यांनी छत्रीवर पाणी सोडलं. मुक्तानं मात्र तिच्या चार तारा मागून घेतल्या, पाट्यावर घासघासून दोन्हीकडची टोकं गोल केली, तात्याबाच्या बायकोकडून चातीवर कातलेली लोकर आणली आणि कोपऱ्यात बसून हात चालवायला लागली. पहिल्यांदा थोरल्या सुनेच्या, सावित्रीच्या, तान्ह्या पोरीला टोपडं झालं. ते टोचायचं म्हणून पोर दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवसापासून ते काढलं की रडायला लागली. मग पंडितला गळपट्टा झाला. तो गडी भर दुपारीसुद्धा गळपट्टा काढीना, तेव्हा लोक त्याला घसा बसलाय का म्हणून विचारू लागले.

पण हे नवं काम निराळं होतं. चार तारा चहूबाजूंनी बाहेर आलेल्या आणि मधे लोकरीची एक नळी. नळी सरळ खाली यायची आणि एका जागी चक्क वळायची. मुक्ता ते कुणासमोर काढत नसे. पाऊल वाजलं की पदराखाली आणि काम झालं की पेटीत.

"सावित्री," एक दिवस तूर पाखडता पाखडता भिवराबाईनं हळूच विषय काढला, "धाकटी काय करायली गं?"

"मला काय ठावं, मामी. तुमीच इचारा की."

"मी कावून इचारू? मला काय पडलंय?"

"मग मला तरी काय पडलंय?" सावित्री म्हणाली. दोघी सुपातले खडे वेचू लागल्या. मग सावित्रीच म्हणाली, "बैलाच्या शिंगाला घालायचं काय तरी असंल."

"शिंग असं वळतं व्हय?"

"म्हंजे तुमी बघितलंय?"

"मी कुटं बघितलंय!" भिवराबाई म्हणाली आणि सूप जरा जोरातच झाडू लागली.

बघितलं होतं. ओझरतं. पण तेवढ्यानं तिचं पोट भरलं नव्हतं. शेवटी, येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या शेतपूजेच्या अमावास्येला, पंधरा दिवस होते तेव्हा, मुक्ता धुणं घेऊन ओढ्यावर गेली आणि भिवराबाईनं सुनेची पेटी उघडली. नळी हातात घेतली, उलटी केली, आत बोट घालून पाहिलं. काही उमगेना. ही तार कशाला, म्हणून एक तार ओढून पाहिली, तर ती सुळकन बाहेर आली. तारेवरची टाक्यांची ओळ उघडी पडली. ती परत ओवायला गेली आणि धागा ओढला गेला. धागा येतच राहिला. थांबवावं म्हणून ओढला तर आणखी आला. बघता बघता महिन्याभराचं काम तिच्या मांडीवर लोकरीचा ढीग होऊन पडलं.

घाईघाईनं तिनं त्या लोकरीचा गुंडा केला. पेटीच्या तळाशी तिला एक दोरा सापडला, कमीजास्त अंतरानं गाठी मारलेला. तीन गाठी. गाठी मारलेला दोरा घरात का ठेवतात, हे तिला लहानपणापासून ऐकून माहीत होतं. करणी, दुसरं काय. दोरा चुलीत टाकून तिनं पेटी लावली. मुक्ता परतली, तिनं पेटी उघडली, गुंडा हातात घेऊन पाहिला आणि भाकरीचं पीठ मळायला गेली.

"मांजर लई मातलंय," भिवराबाई कुणी न विचारता म्हणाली.

"व्हय, मामी," मुक्ता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पहिल्यापासून विणायला बसली. भिवराबाईला वाटलं, पोरीनं चार शब्द बोलून दाखवले असते तर बरं झालं असतं.

येळवसेच्या आदल्या दिवशी लिंबागणेशहून छबुबाई आली. छबुबाई ही भिवराबाईची नणंद, तिच्या नवऱ्याची, घरचा मालक आश्रुबा याची, धाकटी बहीण. पंडितसाठी तिनं आपल्या दिराची मुलगी डोळ्यांपुढं धरली होती. भिवराबाईनं ती नाकारून नगरची केली, तेव्हापासून छबुबाई प्रत्येक सणाला यायची आणि धाकट्या सुनेत काय खोट सापडते ते शोधून जायची. आजवर भाकरी जाड आणि पदर आखूड यापलीकडं तिच्या हाताला काही लागलं नव्हतं.

अमावास्येला सकाळीच सगळं घर शेतात गेलं. मार्गशीर्षातली थंडी होती, शाळू कमरेला लागत होता. कडब्याची कोप उभी केलेली, आत पाच पांडव म्हणून चुना लावलेले पाच दगड मांडलेले. पाटीत भज्जी होती, बाजरीचे उंडे होते, मडक्यात आंबील होतं. थोरला मुलगा राधाकिशन बैलं पाण्यावर घेऊन गेला होता. आश्रुबानं कोपीपुढं जोडे काढले. उजवा सहज निघाला. डावा काढायला तो नेहमीप्रमाणं कोपीमागं गेला.

त्या डाव्या पायाबद्दल या घरात कुणी बोलत नसे. आश्रुबा अठरा वर्षांचा असताना कडब्याच्या गंजीत त्याला पान लागलं होतं, साप चावला होता. बापानं तिथंच पाय ओंडक्यावर ठेवून कुऱ्हाडीनं दोन बोटं तोडली. पोरगा वाचला. पण त्यानंतर त्यानं तो पाय कुणाला दाखवला नाही. जोड्याचा पुढचा भाग चिंध्यांनी भरायचा, घरातसुद्धा पायाला फडकं गुंडाळायचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी भिवराबाईनं एकदा विचारलं होतं, तर तो भरल्या ताटावरून उठून गेला होता. जगातलं सगळं विचारणाऱ्या त्या बाईनं तेवढं पुन्हा कधी विचारलं नाही. वर्षातून एकच दिवस, येळवसेला, तो अनवाणी चालायचा, कारण शेताला फेरी घालताना जोडे चालत नाहीत. त्या दिवशी सगळ्यांनी पिकाकडं बघायचं, मालकाच्या पायाकडं नाही, हा घरचा रिवाज होता.

"ओलगे, ओलगे!" अशी सणाची आरोळी देत आश्रुबा पिकावर आंबील शिंपडत निघाला. मागून पंडित मडकं घेऊन चालला. काल पाणी दिलेल्या गव्हाच्या वाफ्याच्या कडेनं ते दोघं पलीकडं गेले. बायका पत्रावळी मांडू लागल्या. मुक्ता कुठं दिसत नाही, हे भिवराबाईच्या ध्यानात आलं आणि तेवढ्यात वाफ्याकडून छबुबाईची किंकाळी आली.

"अगं बया बया! धावा गं! घर बुडवलं हिनं!"

भिवराबाई आणि सावित्री धावत गेल्या. ओल्या मातीत आश्रुबाच्या पावलांचे ठसे उमटले होते. डाव्या पायाच्या ठशात तीनच बोटं होती. त्या ठशाशी मुक्ता उकिडवी बसली होती आणि तिच्या हातात दोरा होता. दोऱ्याला दोन गाठी मारून झाल्या होत्या.

"माह्या डोळ्यानं बघितलं!" छबुबाईनं मुक्ताचं मनगट धरून ठेवलं होतं. "पायाखालच्या मातीवर दोरा धरती, न् गाठ मारती. आमुशाचा दिवस! ही करणी न्हाई तर काय हाय? बोल, कुणी शिकवलं? नगरला हेच शिकवत्यात व्हय?"

मुक्ता बोलली नाही. समोरून आश्रुबा येत होता. सासऱ्यापुढं सुनेनं तोंड उघडायचं नसतं, म्हणून तिनं पदर पुढं ओढला आणि मान खाली घातली. नेमकं तेच तिच्या विरुद्ध गेलं.

"बघा, जबान बंद झाली!" छबुबाई म्हणाली.

"काय झालं?" आश्रुबानं विचारलं. त्याची नजर दोऱ्यावर गेली, मग मातीवर, मग पुन्हा दोऱ्यावर. तो पाय मागं घेऊन उभा राहिला.

"दादा, तुझा पाय बरा हाय का? खरं सांग, तुला कसम हाय."

आश्रुबा हळू आवाजात म्हणाला, "पंधरा दिस झाले, ठणकायलाय."

"पंधरा दिस!" छबुबाईनं कपाळावर हात मारला. "ऐकलंस का, वहिनी? मी काय म्हणलंतं? मोगलाईत पोरी मेल्या होत्या व्हय, म्हणून नगरची आणलीस? आत्ताच्या आत्ता हिला गाडीत घाल. घास खायच्या आधी."

"आत्या, तसं काय नसंल," पंडित मडकं धरून पुटपुटला.

"तू गप बे! गळ्यात तिचा पट्टा घालून हिंडतूस, तुला काय दिसतंय?"

पंडितचा हात गळ्याशी गेला. तो एक पाऊल मागं सरला. मुक्तानं ते पाहिलं. सावित्रीनं पोरीच्या डोक्यावरचं टोपडं काढून मुठीत धरलं होतं, तेही तिनं पाहिलं. सात-आठ महिन्यांत जे जे कमावलं होतं, ते एकेक करून तिच्यासमोर परत जात होतं.

भिवराबाईच्या डोक्यात मात्र पंधरा हा आकडा घुमत होता. पंधरा दिवसांपूर्वी तिनं तीन गाठींचा दोरा चुलीत टाकला होता. म्हणजे तो दोरा याच पायाचा होता. आता तिला सगळं उमगलं. नळी वळते ती टाचेपाशी. पोरगी पायमोजा विणत होती, सासऱ्यासाठी, आणि मापाचा दोरा जळाला म्हणून बिचारी येळवसेची वाट बघत बसली होती. त्याच वेळी दुसरी भीती उभी राहिली. नवऱ्याच्या पायाचा दोरा आपण आपल्या हातानं आगीत टाकला, आणि पाय तेव्हापासून ठणकतोय. खरंच काही झालं असेल तर? ते पाप कुणाचं?

गप्प राहणं सोपं होतं. पोर गाडीत बसून गेली असती, आणि पेटी कुणी उघडली हे कुणाला कधीच कळलं नसतं. छबुबाईसमोर तोंड खाली करण्यापेक्षा भिवराबाई एरवी आडात उडी मारायला तयार झाली असती. अठ्ठावीस वर्षं दोघींनी एकमेकींना एक बोट वर राहू दिलं नव्हतं. तिनं मुक्ताकडं पाहिलं. पदराखाली पोरीचं नाक तेवढं दिसत होतं, आणि त्याच्या शेंड्यावर एक थेंब आला होता.

"छबू, तिचा हात सोड," भिवराबाई म्हणाली.

"कावून सोडू?"

"ते माप घेण्यात तिचा कसूर न्हाई. कसूर माहा हाय." भिवराबाईनं एक पाऊल पुढं टाकलं. "तिनं आधी माप घेतलं होतं. दोरा पेटीत ठेवला होता. मी तिची पेटी उघडली. ती घरात नसताना. विणलेलं सगळं उसवून ठेवलं, न् दोरा चुलीत घातला."

मग छबुबाईच्या चेहऱ्यावर हळूहळू असा आनंद पसरला, की पुरणपोळी खाऊनही तिचा चेहरा कधी इतका खुलला नसेल.

"तू? सुनंची पेटी? चोरून?"

"व्हय. मला कळत नव्हतं ती काय करायली. जीव ऱ्हाईना."

"मग तोंड नव्हतं का इचारायला?"

"सासू होते म्हणून इचारलं न्हाई," भिवराबाई म्हणाली. सावित्रीला हसू आवरेना, तिनं टोपड्यानंच तोंड दाबलं. "ती पायमोजा करती, छबू. तुझ्या दादाला. पायात घालायचा. करणी न्हाई न् काय न्हाई."

पण आश्रुबा हसला नाही. त्याचा चेहरा लाल झाला होता. करणीच्या भीतीनं नव्हे. आपल्या पायाबद्दल पाच माणसं उघड्या रानात बोलत आहेत, हे त्याला आता कळलं होतं.

"माह्या पायाकडं बघायला कुणी सांगितलं?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्तच धाक वाटला. "मी मागितला होता मोजा? पंडित, गाडी जूप. हिला बापाकडं सोड. चार दिस तिकडंच ऱ्हाऊ दे."

चार दिवस म्हणून माहेरी पाठवलेली सून चार वर्षं तिथं राहिल्याची उदाहरणं त्या भागात कमी नव्हती. सगळ्यांना ते ठाऊक होतं. भिवराबाईनं आपली लाज काढून मातीत ठेवली होती आणि तिचा काही उपयोग झाला नव्हता. तिला रडू फुटलं. पंडितनं मडकं खाली ठेवलं, पण बैलांकडं गेला नाही. आत्याकडं न बघता तो म्हणाला, "मी न्हाई जूपत." तेवढंच बोलायला त्याला फार जोर लागला असावा.

आणि मग मुक्ता बोलली. पदराआडून, जमिनीकडं बघत, पण स्पष्ट.

"मामंजी, चिंध्यानं ठणकतंय."

सासऱ्याशी सून बोलली, हे ऐकून छबुबाईच्या हातून मनगट आपोआप सुटलं.

"लढाई चालू होती, तवा आमच्या शाळेत शिपायांसाठी मोजे करायचो," मुक्ता म्हणाली. "कुणाचं बोट गेलेलं, कुणाचं अर्धं पाऊल. त्यांचा मोजा येगळा असतो, म्होरून आखूड. शिकवणाऱ्या मडमबाई सांगायच्या, मोकळ्या जागी चिंध्या कोंबल्या की थंडीत त्या कडक होत्यात न् ऱ्हायलेल्या बोटांवर चढत्यात. मग ठणकतं. तुमी सकाळी पायरी उतरताना डावा पाय आडवा टाकता. मी रोज बघती." तिनं ओटीतून एक मोजा काढला. खरबरीत, काळ्यापांढऱ्या लोकरीचा, टाचेला दुहेरी वीण घातलेला. "ह्यो उजवा, जोड्याच्या मापानं. ह्यो झालाय. डाव्याचं माप दिवाळीच्या न्हाणाला वल्या ठशावरनं घेतलं होतं, आता ते न्हाई. इचारलं असतं तर तुमी दिलं नसतं, म्हणून मातीवरनं घेत होते."

पलीकडच्या रानातून कुणाची तरी ओलग्याची आरोळी आली. आश्रुबानं मोजा हातात घेतला. उलटा केला, आत बोट घालून पाहिलं, टाच कुठं वळते ते अंगठ्यानं चाचपलं. अगदी तस्संच पंधरा दिवसांपूर्वी आपणही केलं होतं, हे भिवराबाईला आठवलं आणि रडता रडता तिला त्या माणसाबद्दल फार माया वाटली.

आश्रुबा बांधावर बसला. बराच वेळ त्यानं धुऱ्याच्या बोरीकडं बघून घेतलं. मग डावा पाय पुढं केला, चिखलानं भरलेला, तीन बोटांचा.

"मोज," तो म्हणाला. "मातीवरचं माप खोटं निघतं. वलीत पाय पसरतो."

छबुबाई काही बोलणार होती, पण भावाकडं बघून तिनं तोंड मिटलं आणि उगाच पत्रावळीवरची माशी वारायला निघून गेली. मुक्ता दोरा घेऊन दोन पावलं पुढं आली आणि थांबली. सासऱ्याच्या पायावर माथा टेकता येतो, पण पाय हातात धरून माप घेणं सुनेला शोभत नाही. तिनं दोरा सासूच्या हातात दिला.

"टाचंपासनं धरा, मामी. बोटं संपली की एक गाठ मारा. मग रुंदीची. मग टाचंची."

भिवराबाईनं पदरानं डोळे पुसले, खाली बसून तो पाय मांडीवर घेतला आणि वाफ्याच्या पाटात उरलेलं पाणी घेऊन चिखल धुतला. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हा पाय तिनं कधी हातात घेतला नव्हता. दोन बोटांच्या जागी कातडी जुनी, चकचकीत झाली होती. उरलेली तीन एकमेकांवर चढली होती आणि त्यांच्या कडा चिंध्यांनी सोलून निघाल्या होत्या. कडब्याच्या गंजीपासून कुऱ्हाडीपर्यंतची सगळी हकिगत तिला लोकांकडून तोंडपाठ होती. पाय एवढा सोललाय, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं. कारण ते सांगणारा एकच माणूस होता.

तिनं टाचेपाशी दोरा धरला. दुसरं टोक बोटांपर्यंत नेलं, पण गाठ मारली नाही.

"अवं," ती वर न बघता म्हणाली, "लई दुखतं का?"

आश्रुबानं भोवताली पाहिलं. सुना होत्या, पोरगा होता, जरा पलीकडं कान देऊन उभी राहिलेली बहीण होती. त्यानं पाय मागं घेतला नाही.

"लई," तो म्हणाला.